उजवीकडचं उजवीकडे

पहिल्या दिवशी मी माउसचं चाक दाबलं आणि स्क्रीनवरचा पार्ट गर्रकन फिरून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला तो फक्त जरासा डावीकडे सरकवायचा होता. एकोणीस वर्षं चाक दाबलं की चित्र सरकायचं. इथं फिरलं. परत दाबलं, परत फिरलं, आता तर त्याचा तळच दिसायला लागला. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने कानातले इअरफोन न काढता एकदा माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. हसली असती तरी मला बरं वाटलं असतं.

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी आयटीआयच्या सर्टिफिकेटवर हाच शब्द आहे आणि मला तो कधी टोचला नाही. भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी एकोणीस वर्षं ड्रॉइंगं काढली. गाडीचे पत्रे वेल्डिंग करताना जागेवर घट्ट धरून ठेवायला जी फिक्स्चर लागतात, ती बनवायचा आमचा धंदा. मग मालकांचं वय झालं, मुलांना यात रस नव्हता. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी बोलावून त्यांनी आम्हा अकरा जणांना सांगितलं, बंद करतोय. रडले बिचारे. मी रडले नाही, मी चिडले. पण चिडून काय डोंबल होणार? महिन्याभरात मशिनी उचलून नेल्यासुद्धा.

चाकणला, निघोज्याच्या अलीकडे, एका परदेशी कंपनीच्या डिझाइन विभागात जागा निघाली. मुलाखतीत विचारलं, आमचं सॉफ्टवेअर येतं का? मी म्हणाले, येतं. धादांत खोटं! ते मी आयुष्यात दोनदा बघितलं होतं, तेही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. पण त्रेचाळिसाव्या वर्षी, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बाईने दुसरं काय सांगायचं? (लग्न का केलं नाही ते विचारू नका, भोसरीत सगळ्यांचं विचारून झालंय.) पत्रात लिहिलं होतं, सहा महिने काम बघू, जमलं तर कायम करू. जमलं नाही तर काय, ते लिहिलं नव्हतं. ते मला कळत होतं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी रेघा मारायची. डाव्या हाताने एल दाबून एंटर, की रेघ. सी दाबून एंटर, की वर्तुळ. बोटं आपली आपण चालायची, रोजच्या आमटीत मीठ घालताना कुणी चमचा मोजत नाही तसं. नव्यात कागदावरची रेघ हा प्रकारच नाही. आधी अख्खी वस्तू घडवायची, मग तिची समोरून, वरून, बाजूने अशी चित्रं ते स्वतःच मांडून देतं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात मी सवयीने सी दाबायची आणि डावीकडे दिसणारी भागांची सगळी यादी मिटून जायची. प्रत्येक रेघेला मापं देऊन जखडून टाकावं लागतं. नीट जखडली की ती काळी होते. कमी जखडली तर निळी राहते, आणि उगाच जास्त जखडली तर पिवळी पडून बोंब मारते. माझा पहिला आठवडा निळ्या-पिवळ्यातच गेला.

पी हळद अन् हो गोरी असं काही होणार नव्हतं, तेव्हा मी डबा दहा मिनिटांत संपवून जागेवर यायला लागले. बाकीचे कॅन्टीनमध्ये असायचे, तेवढ्या वेळात मी जुनी ड्रॉइंगं नव्यात बनवून बघायची. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर मुलाखतीतलं खोटं उघडं पडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं मूठ आवळून बसले होते. दुसऱ्या महिन्यात एकदा सकाळी मी पूर्ण फिक्स्चर एकदाही न अडखळता जोडलं, तेव्हा आनंदाने इकडेतिकडे बघितलं. चौदा डोकी, चौदा जणांच्या कानात वायरी किंवा बोंडं. मी पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागले.

मुलं वाईट नव्हती हो. सगळी पंचविशीतली, हुशार, वागायला सभ्य. मला ‘मॅम’ म्हणायची. वाढदिवसाचा केक कापला की एक तुकडा माझ्या टेबलावर आठवणीने आणून ठेवायची. पण माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये तासभर मी खिडकीला आणि शेजारचा मोबाइलला. कधीकधी संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपण ‘गुड मॉर्निंग’ सोडून तोंडातून शब्द काढलेला नाही. माझ्यासारखी फटकळ बाई! भोसरीत मला गप्प बसवायला माणसं हात जोडायची.

त्यात सुट्टीचाही घोळ. भोसरी एमआयडीसी गुरुवारी बंद असते. एकोणीस वर्षं माझा रविवार म्हणजे गुरुवार. आता मला शनिवार-रविवार. म्हणजे माझी ओळखीची माणसं मोकळी असतात तेव्हा मी चाकणला, आणि मी खोलीवर असते तेव्हा सगळी भोसरी खडखडत असते. रविवारी दुपारी खोलीत झोपलं की पलीकडच्या शेडमधल्या प्रेसचे ठोके ऐकू यायचे. मला अगदी एकटं वाटायचं. सरळ सांगते, रडूही यायचं.

जुन्या टूलरूममध्ये माझं टेबल माडीवर होतं, खाली मशिनी. काही अडलं की लोखंडी जिना वाजवत आमचे फिटर वर यायचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही. मामा मूळ भोसरी गावातले, जुन्या शेतकरी घरातले. वडलांची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्याच जमिनीच्या आसपास कुठंतरी मामा कानस घेऊन कामाला लागले. हातात माझं ड्रॉइंग, त्यावर ग्रीसचा अंगठा.

“पोरी, ह्ये भोक काढलंस खरं, पर तितं ड्रिल जायला वाट कुटं हाय?”

“वाट आहे मामा. चष्मा लावा.”

“चष्मा लावलेलाच हाय. तूच ये खाली अन् दाव.”

मी तणतणत खाली जायची. दहातल्या आठ वेळा तेच बरोबर असायचे. दुरुस्ती केली की म्हणायचे, “व्हय, आता झ्याक.” तेवढं ऐकलं की माझा राग जायचा. टूलरूम बंद झाल्यावर मामा दोन गल्ल्या पलीकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागल्याचं मला कळलं होतं. भेटायला जाऊ, जाऊ म्हणत राहिले. सुट्ट्या जुळत नव्हत्या, आणि मला कायम झाल्याचं सांगायलाच जायचं होतं. तोवर काय तोंड घेऊन जाणार?

चाकणला असा जिना वाजवत कुणी येत नाही. ड्रॉइंग तयार झालं की पोर्टलवर चढवायचं. पुढे ते कुठल्या वर्कशॉपला जातं, ते खरेदी विभागाला माहीत; बहुतेक भोसरीतल्याच छोट्या वर्कशॉपांना. चार-सहा आठवड्यांनी बनलेले पार्ट येतात, तपासणारे तपासतात, विषय संपतो.

पाचव्या महिन्यात माझ्याकडे चार ठोकळ्यांचं काम आलं. फिक्स्चरवर बसणारे इंग्रजी एल अक्षरासारखे ठोकळे, प्रत्येकाला एका कडेजवळ आरपार भोक. सोपं काम. पण हे चारही डाव्या हाताचे होते. म्हणजे भोक या कडेला असलं तर डावा, त्या कडेला असलं तर उजवा. आपल्या हातमोज्यांसारखं. डाव्याच्या जागी उजवा बसत नाही.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ड्रॉइंग मांडायच्या दोन रीती आहेत. आपल्याकडची जुनी रीत अशी, की वस्तू डावीकडून बघितली तर ते चित्र उजवीकडे मांडायचं. ही फर्स्ट अँगल. दुसऱ्या रीतीत उजवीकडून बघितलेलं चित्र उजवीकडेच मांडतात. ती थर्ड अँगल. कुठली रीत वापरलीय ते सांगायला खालच्या चौकटीत, काढणाऱ्याच्या नावाच्या अक्षरांशेजारी, एक बोटाएवढी खूण असते, कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं. एका रीतीचं ड्रॉइंग दुसऱ्या रीतीने वाचलं, तर डाव्याचं उजवं होतं. माप एकही चुकत नाही, आणि वस्तू मात्र आरशातली बनते.

आणि भोसरीत त्या खुणेकडे कोणीही बघत नाही. लहान वर्कशॉपमध्ये सगळे जन्मभर फर्स्ट अँगलच वाचत आलेत, ती खूण म्हणजे त्यांना शाळेच्या वहीवरच्या समासासारखी, असते म्हणून असते. नव्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ड्रॉइंगचा कोरा कागद मात्र परदेशातून आलेला, थर्ड अँगलचा. हे मला माहीत होतं. आणि भोसरीत तो उलटा वाचतील, हे त्या विभागात फक्त मलाच माहीत होतं.

म्हणून मी त्या ठोकळ्यांच्या ड्रॉइंगवर मोठ्या ठळक अक्षरांत एक ओळ टाकली: थर्ड अँगल आहे, चारही पार्ट डाव्या हाताचे, बनवण्याआधी फोन करावा. आमचा टीम लीड, सत्तावीस वर्षांचा, मला त्याचंच ऐकावं लागायचं, त्याने ती बघितली.

“मॅम, ही नोट कशाला?”

“अहो, भोसरीतले लोक खूण बघत नाहीत. उलटं बनवतील.”

तो हसला. वाईट नाही, समजूत घातल्यासारखं. “सिंबॉल आहे ना मॅम. स्टँडर्डच्या बाहेरची नोट टाकली तर ऑडिटला मला विचारतील. काढून टाका प्लीज.”

जुनी मी असते तर टेबलावर हात आपटून भांडले असते. पण माझा कायमचा कागद दीड-दोन महिन्यांवर आला होता आणि त्यावर याचीच सही लागणार होती. माझा हात दगडाखाली होता. मी ती ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. हे बटण मात्र दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सारखंच चालतं.

चार आठवड्यांनी ठोकळे आले. चारही उजव्या हाताचे.

टीम लीडने वर्कशॉपवाल्यांना बोलावलं, आणि ड्रॉइंग माझं म्हणून मलाही बसवलं. काचेची खोली, मधे टेबल, टेबलावर ते चार ठोकळे. सुरेख काम होतं. कडा अशा मारलेल्या की बोट फिरवलं तरी कुठं लागत नव्हतं. त्या कडा बघूनच मला ओळखायला हवं होतं. दार उघडलं, वर्कशॉपचा मालक आत आला, आणि त्याच्या मागून मामा.

इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना अशा शर्टात पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मला बघितलं आणि चेहरा असा फुलला, की आता ‘पोरी’ म्हणून हाक मारणार. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी मान खाली घालून लॅपटॉप उघडला. ते अनोळखी माणसासारखे खुर्चीच्या कडेवर टेकले.

टीम लीडने पडद्यावर ड्रॉइंग मोठं केलं आणि बाण त्या खुणेवर नेऊन ठेवला. “हे क्लिअर आहे. थर्ड अँगल. तुम्ही फर्स्टने वाचलंय.”

वर्कशॉपचा मालक मामांकडे वळला. “मामा, वाचलं कुणी होतं?”

“म्या वाचलं, साहेब,” मामा टीम लीडला म्हणाले. “खूण बघितली न्हाई. चूक माजी हाय.”

टीम लीडने माझ्याकडे बघितलं. “मॅम, तुम्हाला काही ॲड करायचंय?”

बोलायला एवढंच होतं: मी नोट टाकली होती, यांनी काढायला लावली. दोन वाक्यं. माझ्या जिभेवर आली होती, खोटं नाही सांगत. पण हे ज्याच्यासमोर बोलायचं त्याचीच चूक होती, आणि त्याच्याच सहीने मी राहणार किंवा जाणार होते. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं.

“नाही,” मी म्हणाले.

ठोकळे पिशवीत भरून मामा उठले. दारात थांबून त्यांनी मला नमस्कार केला. “येतो मॅडम.” ते मला सांभाळून घेत होते, कळत होतं मला.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, पत्र आलं. कायम. ‘शिकण्याची तयारी आणि काटेकोरपणा’ असं काहीतरी छान लिहिलं होतं. ते हातात पडलं आणि मग मला कंठ फुटला. आहे की नाही गंमत? तशीच उठून टीम लीडच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं, त्या ठोकळ्यांची चूक वर्कशॉपची नव्हती. मी नोट टाकली होती, ती राहिली असती तर हे झालं नसतं. तुम्ही काढायला लावली आणि मी काढली, चूक आपल्या दोघांची आहे.

त्याने एका कानातलं बोंड काढलं. रागावला नाही. थोडं आठवावं लागलं त्याला. “अच्छा, ते? ते तर क्लोज झालं ना मॅम. त्यांनी नवीन बनवून पाठवले पण. काँग्रॅच्युलेशन्स, बाय द वे.” आणि बोंड परत कानात गेलं.

रविवारी मी मामांच्या वर्कशॉपवर गेले. पत्र पर्समध्ये होतं. खरं सांगायचं तर ते दाखवायला मला दुसरं होतंच कोण? आई-वडील कधीचेच गेले. बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला दाखवणार होते का?

आत शिरले तर दारालगतच्या टेबलावर ड्रॉइंग पसरून मालकाचा पुतण्या उभा होता. मामा मागच्या भिंतीशी, वाइसच्या लोखंडी जबड्यात एक पट्टी धरून कानसेने तिच्या कडा घासत होते. मला बघितलं तसे हात पुसत उठले.

“ये ये. बस हितं. खुर्ची जरा काळी हाय, कागद टाकतो.”

“मामा, तुम्ही इथं मागे काय करताय?”

“कडा मारतोय. ड्रॉइंगचं आता ह्यो पोरगा बघतो. मला ह्यो सांगतो, मी करतो. बरंच हाय की, डोळ्यास्नी तरास न्हाई.”

त्यांच्या तोंडावर राग शोधला, तर नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी सगळं सांगून टाकलं. नोटचं, डिलीटचं, मीटिंगमध्ये गप्प बसल्याचं, शुक्रवारी उशिरा फुटलेल्या कंठाचं. बोलता बोलता रडायला आलं, तर तो पुतण्या ड्रॉइंगवर आणखी वाकला.

“कायम केलं का तुला?” मामांनी विचारलं.

“केलं.”

“मग झालं तर. म्या तवाच वळकलं, पोरीचं कायतरी अडकलंय तितं. म्हून गप ऱ्हायलो.”

“पण मामा,” मी म्हणाले, आणि मला त्यांचा रागच आला, इतक्या वेळाने, त्यांचाच, “तुम्ही असे चुकणारे नाही. दहा वर्षांपूर्वी बाहेरून एक थर्ड अँगलचं ड्रॉइंग आलं होतं, तेव्हा अख्ख्या शॉपमध्ये तुम्ही एकट्याने पकडलं होतं. तुम्हाला खूण कळते. मग या वेळी का नाही बघितली?”

मामा कानसेवरचा कीस फुंकून काढत होते. ते थांबले. खरोखरच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघायला लागले.

“आगं, दुसऱ्याचं असतं तर बघितलीच असती की. पर खाली चौकटीत तुज्या नावाची अक्षरं दिसली. म्हनलं, आपल्या पोरीचं ड्रॉइंग हाय. त्याची खूण काय बघायची?”